विंडोज म्हणतं ‘फॉरमॅट करू का?’ : न उघडणाऱ्या फ्लॉपीत नेमकं काय असतं

जुनी फ्लॉपी यूएसबी ड्राइव्हमध्ये घातली आणि विंडोजने ‘डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणा. सवयीने एंटर दाबू नका. हा प्रश्न वाचून बहुतेकांना वाटतं की फ्लॉपी कोरी झाली, आतलं सगळं गेलं. तसं नसतं. त्या फ्लॉपीवरचं लिखाण आपल्याला ओळखता आलं नाही, एवढंच विंडोज सांगत असतं. ओळखता न येण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातल्या अनेकांचा फ्लॉपी खराब असण्याशी काडीचा संबंध नसतो.

मी पालघरला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची. गेल्या वर्षी माझ्याकडे फ्लॉप्यांचे दोन डबे आले. पहिला बोईसरहून, तारापूर एमआयडीसीतल्या एका छोट्या एम्ब्रॉयडरी युनिटमधून. तिथल्या शेठकडे नव्वदच्या दशकातली बारा हेडची जपानी मशीन आहे, अजून धडधाकट. पण तिला डिझाइन द्यायचं तर फ्लॉपीवरूनच. डब्यात ५८ फ्लॉप्या होत्या आणि मशीन त्यातली एकेक नाकारायला लागली होती. नवं डिझाइन करून घेता येतं, पण जुनी गिऱ्हाइकं ‘तोच बुट्टा पाहिजे’ म्हणून येतात आणि तो बुट्टा फ्लॉपीशिवाय कुठेच नव्हता.

दुसरा डबा म्हणजे खरं तर मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका. त्यात सात फ्लॉप्या. केळव्याच्या एका निवृत्त गुरुजींनी गावोगाव फिरून वाडवळी लग्नगीतं लिहून घेतली होती आणि नव्वदच्या दशकात ती टाइप करून ठेवली होती. गुरुजी आता नाहीत, हस्तलिखित वह्या घर गळलं तेव्हा भिजून गेल्या. राहिल्या या सात फ्लॉप्या.

दोन्ही डबे माझ्या यूएसबी ड्राइव्हने जवळजवळ सरसकट नाकारले. ते कसे वाचले, आणि कुठे अडलो, ते सांगतो.

आधी खिट्टी, मग चिकटपट्टी

कुठलंही सॉफ्टवेअर लावण्याआधी साडेतीन इंची फ्लॉपी उलटी करून बघा. एका कोपऱ्यात सरकणारी खिट्टी असते. ती सरकवून भोक उघडं ठेवलं की फ्लॉपीवर लिहिणं बंद होतं. हे काम पहिलं. आता चुकून एंटर दाबलं गेलं तरी नुकसान होणार नाही.

दुसऱ्या कोपऱ्यात नुसतंच चौकोनी भोक असेल तर ती एचडी फ्लॉपी, १.४४ एमबीची. भोक नसेल तर डीडी, म्हणजे ७२० केबीची. पुढे बाजारात डीडी फ्लॉप्या मिळेनाशा झाल्या तेव्हा लोकांनी जुन्या मशीनमध्ये एचडी फ्लॉप्याच घातल्या. मशीनच्या जुन्या ड्राइव्हला त्या भोकाशी देणंघेणं नव्हतं. त्याने एचडी फ्लॉपीवरही ७२०च्या पद्धतीनेच लिहून टाकलं. आजचा यूएसबी ड्राइव्ह मात्र भोक पाहतो, १.४४ची अपेक्षा धरतो, समोर वेगळंच काहीतरी दिसतं आणि तो हात वर करतो.

उपाय काय, तर भोकावर चिकटपट्टी. खरंच एवढंच. शेठच्या ५८ पैकी ११ फ्लॉप्या या एका चिकटपट्टीने उघडल्या. त्या साध्या डॉसच्या फ्लॉप्या होत्या. उरलेल्या ४७ना चिकटपट्टीने काही फरक पडला नाही.

यूएसबी ड्राइव्ह काय लपवतो

फ्लॉपीवर फाइल नसते. फ्लॉपीवर चुंबकीय पावडरीचा थर असतो आणि त्या थरात चुंबकत्वाची दिशा जागोजागी उलटलेली असते. बस. बाकी सगळं आपण त्यावर रचलेलं आहे. दिशा कुठे उलटली यावरून शून्य आणि एक ठरवायचे, हा एक थर. त्या शून्य-एकांचे गट करून सेक्टर बनवायचे, हा दुसरा. कुठल्या सेक्टरमध्ये कुठली फाइल हे सांगणारी यादी, हा तिसरा. फाइलच्या आत माहिती कशी मांडली आहे, हा चौथा. आणि मजकूर मराठी असेल तर अजून एक थर आहे, त्याकडे नंतर येतो. यातला कुठलाही एक थर ओळखीचा नसला की विंडोजचा प्रश्न तोच : फॉरमॅट करू का?

यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हची अडचण अशी की खालचे दोन थर तो आतल्या आत उरकतो. आपण त्याला फक्त ‘अमुक नंबरचा सेक्टर दे’ म्हणू शकतो. त्याच्या आतली चिप ७२० केबी, १.४४ एमबी आणि काही ड्राइव्हमध्ये जपानी पद्धतीचा एखादा प्रकार, एवढंच जाणते. त्यापलीकडचं काही आलं की ‘एरर’. ‘अरे बाबा, सेक्टर राहू दे, तुला नेमकं ऐकू काय येतंय ते सांग’, असं त्याला विचारायची सोयच नाही.

आणि त्यापलीकडचं भरपूर आहे. आयबीएमने आठ इंची फ्लॉपी आणली १९७१ मध्ये. (आमच्या तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९चं. म्हणजे या पट्ट्यात अणुवीज आधी आलं, फ्लॉपी नंतर.) पुढच्या पंधरा-वीस वर्षांत प्रत्येक कंपनीने आपापली पद्धत काढली. एकाच आकाराच्या साडेतीन इंची डीडी डिस्कचं उदाहरण घ्या. पीसीने तिच्यावर एका ट्रॅकमध्ये ५१२ बाइटचे ९ सेक्टर बसवले, ७२० केबी झाले. अमिगा कॉम्प्युटरने मधल्या मोकळ्या जागा काढून टाकून ११ सेक्टर बसवले, ८८० केबी. ॲपलच्या मॅकने तर डिस्क फिरवण्याचा वेगच बदलता ठेवला; बाहेरचा ट्रॅक लांब असतो म्हणून तिथे १२ सेक्टर, आतल्या ट्रॅकवर ८, एकूण ८०० केबी. जपानच्या पीसी-९८ मध्ये एचडी डिस्कवर ७७ ट्रॅक आणि १०२४ बाइटचे आठ-आठ सेक्टर. डिस्क हातात घेतली तर यांत काहीही फरक दिसत नाही. कोणी मुद्दाम त्रास द्यायला हे केलं नव्हतं. त्या काळी शंभर केबी जास्त बसणं म्हणजे खरोखर पैसे वाचणं होतं. शिवाय एका कारखान्यातली फ्लॉपी दुसऱ्या कंपनीच्या मशीनमध्ये चालली नाही, तर मशीन विकणाऱ्याचं काय बिघडत होतं?

खालून सुरुवात : ठोक्यांमधलं अंतर

यावर उपाय म्हणून गेल्या काही वर्षांत एक छान कल्पना रुळली आहे. ड्राइव्हच्या चिपवर विसंबायचंच नाही. जुन्या डेस्कटॉपमधला साधा फ्लॉपी ड्राइव्ह घ्यायचा (भंगारवाल्याकडे अजून मिळतो), त्याची ३४ पिनांची चपटी केबल एका छोट्या सर्किट बोर्डला जोडायची, आणि बोर्ड यूएसबीने कॉम्प्युटरला. बोर्ड एकच काम करतो : डिस्क फिरत असताना चुंबकत्वाची दिशा कधी कधी उलटली, त्या प्रत्येक क्षणाची वेळ मोजतो. अर्थ लावत नाही. अर्थ लावायचं काम नंतर, सावकाश, कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर करतं.

असे बोर्ड बरेच आहेत. क्रायोफ्लक्स, सुपरकार्ड प्रो, ॲपलच्या डिस्कसाठी ॲपलसॉस. मी वापरला तो ग्रीझवीझल. कीर फ्रेझर यांनी बनवलेला, आराखडा आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुले, त्यामुळे स्वस्तात पडतो. डेव्हिड गिव्हन यांचं फ्लक्सइंजिन हे सॉफ्टवेअरही त्यावर चालतं, आणि त्याला कितीतरी विचित्र जुने प्रकार येतात.

या क्षणांमधून शून्य-एक कसे निघतात? पीसी आणि बहुतेक औद्योगिक मशीन एमएफएम नावाची पद्धत वापरतात. तिचा नियम असा : ‘एक’ लिहायचा असेल तर त्या घराच्या मध्यावर दिशा उलटवा. ‘शून्य’ असेल आणि त्याच्या आधीही शून्यच असेल तर दोन घरांच्या सीमेवर उलटवा. एकानंतर शून्य आला तर काहीच करू नका. कागदावर रेघा मारून पाहिलंत तर कळेल की या नियमाने दोन ठोक्यांमध्ये फक्त तीनच अंतरं येऊ शकतात. डीडी फ्लॉपीवर ती ४, ६ आणि ८ मायक्रोसेकंद. एचडीवर निम्मी : २, ३ आणि ४.

म्हणजे फ्लॉपी वाचणं हे वाचणं कमी आणि ठेका ऐकणं जास्त. मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद, आणि त्यात हजारो ठोके. या अंतरांचा आलेख काढला की चांगल्या फ्लॉपीचे तीन सुटे डोंगर दिसतात. थकलेल्या फ्लॉपीचे डोंगर पसरतात, पायथे एकमेकांत शिरतात. ५.१ मायक्रोसेकंद आले, आता याला ४ म्हणायचं की ६?

इथे सॉफ्टवेअरची खरी कमाल. मोटर अगदी एकसारखी कधीच फिरत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ठेक्याच्या मागे मागे जावं लागतं. आमच्याकडे तारपा नाचात वाजवणारा लय बदलतो तसा फेर आपोआप जलद किंवा संथ होतो, कोणी आकडे मोजत नाही; तसंच हे. ड्राइव्हमधल्या चिपला हा निर्णय तिथल्या तिथे, एकदाच घ्यावा लागतो. सॉफ्टवेअरकडे मात्र पूर्ण नोंद असते. एका पद्धतीने नाही जमलं तर लय धरण्याचं गणित बदलून तोच फेरा परत सोडवायचा. आधी तीन फेरे नोंदवले असतील तर तिन्ही पडताळायचे. यात फ्लॉपीला पुन्हा हात लावावा लागत नाही. झिजत चाललेल्या डिस्कसाठी ही फार मोठी गोष्ट आहे, कारण प्रत्येक वेळी डोकं तिच्यावर घासतंच.

मग शून्य-एकांच्या या ओळीत सेक्टर कुठे सुरू होतो ते कसं कळणार? त्यासाठी एक खूण असते. ‘ए१’ हा बाइट मुद्दाम चुकीचा लिहायचा, त्यातला एक ठोका गाळायचा. नियमाने लिहिलेल्या माहितीत असा आकृतिबंध येऊच शकत नाही, म्हणून तो दिसला की समजायचं, इथून सेक्टर. खुणेनंतर ट्रॅक नंबर, बाजू, सेक्टर नंबर, सेक्टरची लांबी, आणि शेवटी सीआरसी म्हणजे ताळ्याचा आकडा. ताळा जमला तर सेक्टर बरोबर वाचला गेला असं धरून चालायला हरकत नाही. कुठला निर्णय बरोबर, ४ की ६, याचा शेवटचा निवाडा हा ताळाच करतो.

शेठच्या ४७ फ्लॉप्या

एक फ्लॉपी नोंदवायला साधारण दोन मिनिटं. दोन शनिवार-रविवारात ४७ झाल्या. पहिल्याच नोंदीत गुपित कळलं. पद्धत एमएफएमच होती, अगदी पीसीसारखी, फक्त ट्रॅकमध्ये ५१२ बाइटचे ९ सेक्टर असण्याऐवजी २५६ बाइटचे १६ होते. ८० ट्रॅक, दोन बाजू, एकूण ६४० केबी. यूएसबी ड्राइव्ह ५१२ मागत होता आणि समोर २५६. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

४१ फ्लॉप्यांचे सगळे ताळे जमले. सहांमध्ये काही सेक्टर अडले. फेरे वाढवून आणि लयीचं गणित बदलून त्यातल्या चार पूर्ण निघाल्या. दोन फ्लॉप्यांवर मात्र डोळ्यांना दिसेल असा गोल ओरखडा होता. तिथे ठोकेच नाहीत, तर कुठलं सॉफ्टवेअर काय करणार?

सेक्टर मिळाले, पण फाइल नाही. डॉसची यादी कुठेच नव्हती. मशीनने आपली यादी आपल्या पद्धतीने, आपल्या ठरलेल्या जागी ठेवलेली. इथे दोन-तीन संध्याकाळी नुसते आकडे बघण्यात गेल्या. सुटका झाली ती एका जुन्या ओळखीच्या खुणेमुळे : दर तिसऱ्या बाइटचे शेवटचे दोन बिट कायम ‘एक’. ही डीएसटीची सही आहे.

डीएसटी हा एम्ब्रॉयडरीत सगळीकडे चालणारा ताजिमाचा प्रकार. पंच केलेल्या कागदी पट्टीच्या काळातून आलेला. धंद्यात डिझाइन बनवण्याला अजून ‘पंचिंग’च म्हणतात. एका टाक्याला तीन बाइट. सुई आडवी किती आणि उभी किती सरकायची ते त्यात, ०.१ मिलिमीटरच्या मापात. गंमत म्हणजे हे अंतर नेहमीसारख्या आकड्यात नसतं. लहानपणी कोडं घातलेलं आठवतं का, कमीत कमी वजनं वापरून तराजूवर प्रत्येक किलो कसा तोलायचा? उत्तर असतं १, ३, ९, २७, आणि वजनं दोन्ही पारड्यांत टाकायची. डीएसटी तेच करतो, ८१ची भर घालून. ०.७ मिलिमीटर सरकायचं तर एका पारड्यात ९ आणि १, दुसऱ्यात ३. पाचही वजनं एका बाजूला टाकली की १२१. म्हणून डीएसटीत एक टाका १२.१ मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकत नाही.

पायथनमध्ये पन्नासेक ओळी लिहिल्या : तीन बाइट घे, पारडी सोडव, आधीच्या जागेपासून तेवढी रेघ मार. पहिल्या फाइलमधून पदराची कैरी उमटली, कडेच्या बारीक ठिपक्यांसकट. शेठना फोटो पाठवला. दहा सेकंदात फोन, “अरे, ही वापीच्या पार्टीची!”

मग दुसरी भानगड. डीएसटीत धाग्याचे रंग नसतात. ‘इथे रंग बदल’ एवढी सूचना असते, कुठला ते नाही. रंग शेठच्या वहीत होते, डिझाइन नंबर आणि पुढे १ लाल, २ मेंदी, ३ सोनेरी असं. म्हणजे डिझाइन अर्धं फ्लॉपीवर, अर्धं वहीत. मी वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून फाइलींबरोबर ठेवला. अशा कामात कोणी ‘फक्त फ्लॉप्या’ दिल्या तर शेजारचं रजिस्टर, लेबलं, डब्यावर खडूने लिहिलेलं, सगळं मागून घ्या.

मशीनसाठी तिचा ड्राइव्ह काढून तिथे गोटेक बसवला. दिसायला फ्लॉपी ड्राइव्ह, आत पेनड्राइव्ह लागतो, आणि मशीनला पत्ता लागत नाही. त्यात फ्लॅशफ्लॉपी हे खुलं सॉफ्टवेअर टाकलं (तेही फ्रेझर यांचंच), त्याला २५६ बाइटचे १६ सेक्टर असं सांगितलं, झालं. सोनीने फ्लॉपी विकणं २०११ मध्ये थांबवलं. जपान सरकारने आपल्या कारभारातून फ्लॉपी हद्दपार झाल्याचं जाहीर केलं ते थेट २०२४ मध्ये. तेव्हा बातमी वाचून इकडे बरेच जण हसले होते. मला तर वाटतं, फक्त ड्राइव्ह म्हातारा झाला म्हणून चालती मशीन भंगारात काढणं हा जास्त मोठा विनोद आहे.

गुरुजींची गीतं, आणि सगळ्यात वरचा थर

गुरुजींच्या फ्लॉप्यांचं उलट होतं. फॉरमॅट अगदी नेहमीचा, १.४४ एमबी, डॉस. फक्त किनाऱ्याच्या दमट हवेत पंचवीसेक वर्षं राहिल्याने त्यांना बुरशी धरली होती. साफ करून, पाच-पाच फेरे नोंदवून सातपैकी पाच पूर्ण निघाल्या, दोघींमध्ये मिळून नऊ सेक्टर गेले. फाइली दिसल्या, उघडल्या. आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं यांची खिचडी.

युनिकोड रुळायच्या आधी मराठी कॉम्प्युटरवर दोन वेगळ्या विचारांनी ठेवली जायची. एक इस्की, म्हणजे भारतीय मानक १३१९४, १९९१ सालचं. त्यात प्रत्येक वर्णाला एक क्रमांक : क म्हणजे १७९, ख म्हणजे १८०. युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीवरूनच घेतला, त्यामुळे इस्कीतला मजकूर बदलणं तुलनेने सोपं. दुसरा विचार फॉन्टचा. श्रीलिपी, आकृती वगैरे डीटीपीच्या जगात क्रमांक वर्णाला नसायचा, आकाराला असायचा. अर्धा क वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. आणि हे तक्ते प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाचे निराळे. फ्लॉपीच्या बाबतीत १९८०च्या दशकात जे झालं तेच मराठी अक्षरांच्या बाबतीत पुन्हा झालं, आणि मला विचाराल तर हा थर जास्त घातक. चुंबकीय ठोक्यांना निदान भौतिकशास्त्राचे नियम आहेत. फॉन्टचा तक्ता हरवला तर तो फक्त कोणाच्या तरी डोक्यात होता.

गुरुजींचा फॉन्ट कुठला, ते फाइलमध्ये लिहिलेलं नव्हतं; मजकूर साधा, सजावट काढून साठवलेला. मग मोजदाद. मराठीत काना प्रचंड येतो, म्हणून सगळ्यात जास्त वेळा येणारं चिन्ह बहुधा काना. ओळीच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारं दंड. तीन-चार चिन्हं लागली की उपलब्ध तक्त्यांपैकी कुठला जवळचा ते कळतं. तक्ता सापडल्यावरही नुसती अदलाबदल पुरत नाही. फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण उच्चार नंतर होतो. रफाराचं उलट : दिसतो शेवटी, साठवायचा आधी. ‘किर्ती’ आणि ‘कीर्ति’ यांत प्रोग्रॅमने चूक केली तर नेहमीच्या मराठीत शुद्धलेखन तपासनीस पकडतो. पण हे वाडवळी. तपासनीसाच्या लेखी अर्धे शब्द चूकच. इतकंच काय, गुरुजींनी ऐकलं तसं लिहिलं होतं, त्यामुळे चूक प्रोग्रॅमची की तो शब्दच तसा, हे मलाही सांगता येईना.

ते काम त्यांच्या मुलीने केलं. ताई मोठ्याने वाचायच्या, अडखळल्या की मी तिथे खूण करायचो. अडखळण्याच्या बहुतेक जागा जोडाक्षरांच्या निघाल्या, तक्त्यातल्या चार ओळी दुरुस्त केल्यावर शेकडो शब्द एकदम सरळ झाले. गेलेल्या नऊ सेक्टरचं मात्र तसं नाही. एका सेक्टरमध्ये ५१२ चिन्हं, म्हणजे एखाद्या गीताची सात-आठ कडवी. ती जागा मी मजकुरात मोकळी ठेवली आहे, किती चिन्हं गेली त्या आकड्यासह. अंदाजाने भरली नाही. ताईंना त्यातली दोन गीतं पाठ होती; ती त्यांनी सांगितली, आणि ‘फ्लॉपीवरून नव्हे, आठवणीतून’ अशी टीप घालून वेगळ्या फाइलमध्ये ठेवली.

तुमच्याकडे डबा असेल तर

फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी धातूची पट्टी सरकवून आतली काळी चकती उजेडात हळूहळू फिरवून बघा. पांढुरके डाग दिसले तर ती बुरशी. अशी फ्लॉपी तशीच घातली तर डोक्याला घाण लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा उमटतो. शेठच्या डब्यातले ते दोन गोल ओरखडे बहुधा असेच आलेले. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा चकतीवर अलगद फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचं, मगच वाचायचं. प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर ड्राइव्हचं डोकंही पुसायचं.

पहिला प्रयत्न हाच सगळ्यात चांगला प्रयत्न असं धरून चाला आणि तो थेट खालच्या थराच्या नोंदीचा करा, निदान तीन फेऱ्यांचा. सेक्टरची इमेज नंतर कधीही त्यातून काढता येते, उलटं करता येत नाही. दीड एमबीच्या फ्लॉपीची अशी नोंद सहज काही डझन एमबीची होते, पण आजच्या पेनड्राइव्हच्या मानाने ते काहीच नाही. फाइलच्या नावात लेबलावरचं जसंच्या तसं लिहा, ‘दिवाळी २ नवीन’ असेल तर तेच.

सव्वापाच इंची फ्लॉप्या असतील तर बोर्ड हाच चालतो, ड्राइव्ह वेगळा लागतो आणि त्याला ५ बरोबर १२ व्होल्टही द्यावे लागतात. असा ड्राइव्ह शोधणं हल्ली जास्त अवघड आहे. मला मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तिसऱ्या खेपेला मिळाला, आणि पट्टा सैल झालेला होता.